एकास चोवीस आणि फलटणचा ट्रक

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमध्ये एका जुन्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसून मी स्प्रिंगच्या पाट्यांची जाडी मोजत होते, तेव्हा मागून कोणीतरी विचारले, "मॅडम, इन्शुरन्सच्या का?" मी नाही म्हटल्यावर "मग आरटीओच्या?" असा दुसरा प्रश्न आला. टेप आणि वही घेऊन ट्रकखाली डोकावणाऱ्या बाईचे याहून वेगळे काही काम असू शकेल, हे विचारणाऱ्याला सुचत नव्हते. मला या ट्रकचे मॉडेल करायचे आहे, असे मी सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो माझ्या चांगला ओळखीचा आहे; बँकेतल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरही मी तो अनेकदा पाहिला आहे. मात्र हे गृहस्थ स्वतः ट्रकच्या बॉड्या बांधणारे मिस्त्री निघाले आणि त्यांनी पुढचा प्रश्न अगदी कामाचा विचारला, "किती फुटी?" मी म्हटले, "सतरा फुटी. पण करणार साडेआठ इंचांचा."

एकास चोवीस या प्रमाणात फुटाचा बरोबर अर्धा इंच होतो. या छंदात प्रमाणे अनेक चालतात. धातूच्या ओतीव गाड्या बहुधा एकास त्रेचाळीस असतात, रेल्वेच्या छोट्या नगरांत एकास सत्त्याऐंशी चालते आणि अमेरिकी ट्रकचे जुने संच एकास पंचवीसमध्ये येतात. मला एकास चोवीसच सोयीचे वाटते, कारण आपल्याकडचे मिस्त्री आजही फूट, इंच आणि सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. "खांब दोन इंच तीन सूत" असे त्यांनी सांगितले की मी मनात त्याचे साठ मिलिमीटर करते, चोवीसने भागते आणि वहीत अडीच मिलिमीटर लिहिते. एक सूत माझ्या टेबलावर ०.१३ मिलिमीटरचा, म्हणजे जाडसर कागदाएवढा होतो. मिस्त्री ज्याला 'सूतभर इकडेतिकडे' म्हणून सोडून देतात ते मलाही सोडून देता येते, आणि या एका सवलतीवर माझी बरीच रात्रीची झोप अवलंबून आहे.

सुरुवात मात्र मी इतरांसारखीच, विकतच्या संचाने केली. कोथरूडचे जोशींचे लघु रेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले तेव्हा मी सोळा वर्षांची होते. सगळे आगगाड्या पाहत असताना मी रस्त्यावरची बोटभर वाहने न्याहाळत बसले होते, असे धाकटा भाऊ अजूनही चिडवतो. पुढे नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी इटालेरीचा व्होल्व्हो एफ१६ हा एकास चोवीसचा संच घेतला. संचात सगळे असते: चासीचे दोन दांडे, इंजिनाचे बारीक भाग, रबरी टायर, काचा, पाण्यात भिजवून चिकटवायची अक्षरे आणि कोणता भाग कोणत्या क्रमाने जोडायचा याची चित्रे. तो ट्रक चार महिन्यांत झाला आणि चांगला झाला. कपाटात ठेवल्यावर आईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा कुठं बघितला होतास गं तू?" मी तो कुठेच पाहिलेला नव्हता. स्वीडनमध्ये बनणारा, ४७० अश्वशक्तीचा तो ट्रक मी केवळ पेटीवरच्या चित्रावरून बांधला होता.

दुसरा ट्रक मी पाहिलेला आहे. त्याचा एक फोटोही घरात आहे. १९८७ मध्ये बाबांची फलटणहून पुण्याला बदली झाली, त्या सकाळी शेजाऱ्यांनी काढलेला हा रंगीत फोटो. मध्यभागी आई, बाबा, आईच्या कडेवर भाऊ आणि बाबांचे बोट धरलेली मी. आमच्या मागे टाटा १२१०, त्याची डावी बाजू आमच्याकडे आणि तोंड फोटोच्या डाव्या कडेला. ते तोंड त्या कडेने अर्धे कापले आहे. उजवीकडे मागचे चाक अर्ध्यात संपते आणि मधला भाग आम्ही चौघांनी अडवला आहे. पाच वर्षांच्या मुलीने तेव्हा ट्रककडे तोंड करून उभे राहायला हवे होते, म्हणजे निदान आज मागून तरी काही दिसले असते.

ज्यांना हा ट्रक आठवत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. टाटांची ट्रक कंपनी टेल्को आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ चा. तो १९६९ पर्यंत चालला आणि तोवर जमशेदपूरच्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीझचा तारा असे. तारा गेला तरी नावे ठेवण्याची जर्मन रीत राहिली. १२१० मधले बारा हे मालासह एकूण वजनाचे टन आणि दहा म्हणजे शंभराच्या आसपासची अश्वशक्ती; आपल्या पिंपरीच्या कारखान्यातून १९८६ मध्ये आलेल्या ४०७ चा हिशेबही असाच लागतो. इंजिनांच्या नावातसुद्धा तेच: ६९२ आणि ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि व्यास ९२ किंवा ९७ मिलिमीटर. आमच्या फोटोतला ट्रक नाकवाला आहे, म्हणजे इंजिन अर्धे बोनेटखाली आणि अर्धे केबिनमध्ये घुसलेले. त्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि किन्नर, म्हणजे क्लीनर, यांच्या मध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी टाकून आम्ही बसलो होतो आणि ती गोधडी गरम होती, एवढेच मला स्वतःला आठवते.

या ट्रकचा संच मी कोणत्याही दुकानात पाहिला नाही, आणि असता तरी तो अर्धाच असता, हे मला मिस्त्रींकडे गेल्यावर कळले. त्या काळात कारखान्यातून बाहेर पडे ती बहुतेक वेळा नुसती चासी: दांडे, इंजिन, चाके, बोनेट आणि समोरचा पत्रा. ड्रायव्हर खोक्यावर बसून ती चालवत आणत असे. केबिनचा उरलेला भाग आणि मागचा, माल भरायचा हौदा गावोगावचे मिस्त्री बांधत. त्यामुळे एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन ट्रकांपैकी एक फलटणला आणि दुसरा कोल्हापूरला गेला, तर दोघांच्या फाळक्यांची, म्हणजे हौद्याच्या फळ्यांच्या भिंतींची, उंची, खिडक्यांची वळणे, टपावरचे कठडे, ताडपत्रीच्या कड्यांची संख्या, काहीही सारखे नसे. नकाशा कारखान्यात मिळेल तो चासीचाच. पुढचे सगळे मिस्त्रीच्या हातात आणि मालकाच्या खिशात. म्हणून मी इंटरनेटवर मापे शोधणे थांबवले आणि महिन्यातून दोन शनिवार निगडीला जायला लागले. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असतो, याचा याहून चांगला उपयोग मला अद्याप सापडलेला नाही.

सर्वाधिक वेळ टायरांनी खाल्ला. माझ्याकडे व्होल्व्होच्या संचातले जास्तीचे टायर होते आणि ते लावून पाहण्याचा मोह झाला. लावले, आणि ट्रक थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखा दिसू लागला. कारण मोजल्यावर सापडले. युरोपातल्या अशा ट्रकचा टायर साधारण ३१५ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे मॉडेलमध्ये तेरा मिलिमीटर. आपल्या जुन्या ट्रकचा नऊशे-वीसचा टायर २६० च्या आतबाहेर, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेअकरा. दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ आहे, पण मागे जोडचाके असतात, आणि शिवाय रिमही वीस इंचांची, साडेबावीसची नव्हे. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी परके आहे हे तो लगेच ओळखतो.

शेवटी भोसरीतल्या एका टर्नरकडून नायलॉनच्या दोन चकत्या ४२ मिलिमीटरच्या करून घेतल्या. पुढच्या चाकांना आपल्याकडे गोल फिरणाऱ्या सरळ रेघांचे रिब टायर असतात. त्या रेघा लेथवरच पडल्या. मागच्या चाकांना आडव्या खोल खाचांचे लग टायर, आणि त्या खाचा मात्र बारीक करवतीने एकेक करून मला कापाव्या लागल्या. या दोन नमुन्यांचे सिलिकॉन रबरात साचे केले आणि त्यांतून रेझिनचे सात टायर ओतले: पुढे दोन, मागे चार आणि एक स्टेपनी. प्रत्यक्षात एकोणीस ओतले, कारण पहिली खेप जुलैमध्ये केली. पॉलियुरेथेन रेझिनला पाण्याचा अंश लागला की त्यातून वायू सुटतो आणि ते फसफसते. पुण्याच्या जुलैतल्या हवेत पाण्याचा अंश किती असतो हे दोरीवरच्या कपड्यांना विचारावे. बारा टायर पावासारखे भोकाभोकांचे निघाले. दिवाळीनंतरची खेप पहिल्या प्रयत्नात स्वच्छ आली.

रंगाचे वेळापत्रकही असेच ऋतूवर चालते. लॅकरचा द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि तकतकीत रंगावर पांढुरकी साय येते. एप्रिलमध्ये उलटा त्रास: ॲक्रिलिक रंग नोझलमधून निघून पत्र्यापर्यंत पोहोचेस्तोवर अर्धा वाळलेला असतो आणि हाताला खरखर लागते. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हे माझे रंगाचे दिवस. उरलेल्या वर्षात कापणे, तासणे, पाणीपेपर मारणे.

एकदा मात्र ऋतू चांगला असूनही घात झाला. एनॅमलचा जादा रंग पुसण्यासाठी टर्पेंटाइन मागितले होते; दुकानदाराने सुट्या बाटलीत जे दिले त्याचा वास घेऊन पाहण्याची अक्कल मला झाली नाही. ते लॅकर पातळ करायचे एनसी थिनर होते. पॉलिस्टायरीनच्या प्लास्टिकवर थिनर म्हणजे मेणावर निखारा. केबिनचे छत डोळ्यांदेखत सुरकुतले आणि त्यावर बारीक तडे गेले. दोन आठवड्यांचे काम वाया गेले, पण नव्या छताच्या कडा मी पहिल्यापेक्षा पातळ तासल्या. खऱ्या केबिनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरचा असतो, त्याचा चोविसावा भाग करणे अशक्यच. तेव्हा फक्त दिसणारी कड तासून पातळ करायची आणि आतली जाडी अंधारात लपवायची, हीच युक्ती या छंदात सर्वत्र चालते.

हौद्यासाठी आधी खरे लाकूड वापरले. आइस्क्रीमच्या काड्या, मग बाल्सा. दोन्ही फसले, कारण लाकडाचे रेषे लहान होत नाहीत. सहा इंची फळी मॉडेलमध्ये सव्वासहा मिलिमीटरची होते, पण तिच्यावरचे रेषे सहा इंची फळीएवढेच राहतात आणि ती फळी एखाद्या ओंडक्यासारखी दिसते. गंमत अशी की लाकूड दिसण्यासाठी प्लास्टिक लागते. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आर्किटेक्चरच्या मुलांसाठी पांढरे प्लास्टिक पत्रे मिळतात. एक मिलिमीटरच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, करवतीच्या पात्याने त्यांवर लांबीने हलके ओरखडे काढले आणि तेलरंगाचा पातळ हात फिरवला, तेव्हा कुठे फळ्या फळ्या दिसल्या. फाळक्याच्या साखळ्या तुळशीबागेतल्या खोट्या दागिन्यांच्या आहेत. रेडिएटरची जाळी चहाच्या गाळण्याची. मागचे लाल रिफ्लेक्टर म्हणजे टिकल्या, सर्वांत लहान आकाराच्या. एका पाकिटातल्या चार ट्रकला लागल्या आणि बाकीच्या आईने वापरल्या.

फोटोतला ट्रक कोणत्या रंगाचा होता, हा प्रश्न मला सोपा वाटला होता. जुने रंगीत फोटो लालसर होतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग इतरांच्या आधी उडतो. केबिन फोटोत केशरी दिसते. केशरीमध्ये हा निळसर अंश मुळात जवळजवळ नसतोच, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. अडचण होती ती फाळक्याच्या वरच्या पट्टीची, जी मळकट तपकिरी दिसते. मी तिच्यासाठी तपकिरी रंग तयारही केला होता. मग लक्षात आले की फोटोत आईची साडीसुद्धा तशीच मळकट तपकिरी आहे, आणि ती साडी मी ओळखते. कपाटाच्या तळातून, डांबराच्या गोळ्यांमधून ती काढली. मोरपंखी आहे. फोटोत साडी आणि पट्टी जर एकाच रंगाला येऊन पोचल्या असतील, तर १९८७ मध्ये त्या एकमेकींच्या जवळच्याच असणार. साडीचा पदर खिडकीत उजेडाला धरून मी रंग जुळवला, त्यात थोडा पांढरा मिसळला (छोट्या वस्तूवर खरा रंग नेहमी गडद दिसतो) आणि पट्टी मोरपंखी केली. आईने साडीवर रंगाचा थेंब पडला नाही ना, एवढेच तपासले.

ट्रकचे साल सांभाळणे हे एक वेगळेच व्यवधान. टपावरच्या पाटीवर 'पब्लिक कॅरिअर' हवे, कारण ते १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले शब्द. १९८८ च्या कायद्याने ते काढले आणि मग 'गुड्स कॅरिअर' आले. नंबरप्लेटवर एमएच बारा किंवा एमएच अकरा चालणार नाही, ती पद्धत १९८९ ची. एम या अक्षराने सुरू होणारी तीन अक्षरे आणि आकडे, अशी जुनी पाटी हवी. प्रदर्शनात एखाद्याने जुन्या ट्रकवर नवी पाटी लावलेली दिसली की माझे उरलेल्या कामाकडे लक्षच लागत नाही. हा माझा दोष आहे.

काचेच्या वरच्या पट्टीवरची अक्षरे हा घरातला सर्वांत मोठा वाद ठरला. फोटोच्या कडेने पट्टीची सुरुवात कापली आहे आणि उरले आहे ते '…बा प्रसन्न'. आता महाराष्ट्रात 'बा'वर संपणारे देव किती! बाबा म्हणाले म्हसोबा. आई म्हणाली खंडोबा, आणि वर "तुम्हाला काय आठवतंय, तुम्ही तर भाड्यावरून भांडत होता," असेही म्हणाली. भावाने, जो तेव्हा दीड वर्षाचा होता, जोतिबाचे नाव सुचवले. मी भिंगाखाली पाहिले. 'बा'च्या आधीच्या अक्षराचा काना जेमतेम आला आहे आणि त्या कान्याच्या डोक्यावर, शिरोरेषेच्या वर, मात्रेचा तुकडा आहे. त्यामुळे जोतिबा बाद झाला, कारण 'ति'ला मात्रा नाही. खंडोबा, म्हसोबा, बिरोबा तिघेही उरले. अक्षरे पट्टीच्या मध्यावर येतील असे धरून रुंदीचा हिशेब केला, पण तिघांची रुंदी सारखीच भरते. शेवटी मी खंडोबा लिहिले. फलटणहून लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड करून पुण्याला यायचे तर ट्रक त्याच्या दारावरून जाणार; वाटेतल्या देवाचे नाव असणे ड्रायव्हरच्या सोयीचे. बाबांना हा पुरावा मान्य नाही.

अक्षरे छापून चिकटवता आली असती, पण रंगाऱ्याच्या कुंचल्याचे अक्षर छापील अक्षरासारखे दिसत नाही. मिस्त्रींच्या शेजारी काम करणाऱ्या एका वयस्क पेंटरांना मी दोन शनिवार नुसती पाहत राहिले. ते आधी खडूच्या दोरीने वरची व खालची रेघ मारतात, मग सगळे काने एकापाठोपाठ एक उभे करतात, नंतर पोटे भरतात आणि शिरोरेषा सर्वांत शेवटी ओढतात. सावली नेहमी उजवीकडे आणि खाली. सहा इंची अक्षर माझ्याकडे सव्वासहा मिलिमीटरचे होते. मी त्याच क्रमाने, सर्वांत बारीक कुंचल्याने, श्वास रोखून लिहिले, पाचव्यांदा जमले. 'प्र'चा तिरका फटका थोडा लांब गेला आहे आणि मी तो तसाच ठेवला आहे, कारण पेंटरकाकांचाही तसाच जातो.

धुळीबद्दल थोडेच सांगते, कारण त्यावर मी कितीही बोलू शकते. खरी माती वापरू नये. कात्रज घाटातली मुरमाड माती मी मलमलीतून गाळून आणली होती, पण त्यातला कण दशांश मिलिमीटरचा असला तरी चोवीसपट करून पाहिला की तो खडीचा तुकडा ठरतो. कोरडे खडू घासून केलेली भुकटी बरी. ती कुठे लावायची हे मात्र रस्त्यावर उभे राहूनच शिकावे लागते: मडगार्डच्या मागे, पायरीच्या कोपऱ्यात, पुढच्या काचेवर वायपर फिरतो तो भाग सोडून. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली ओघळ काळे आणि ओलसर चकाकणारे. फाळक्याची वरची कड हमालांच्या पाठी आणि पोती घासून रंग गेलेली.

गेल्या महिन्यात ट्रक पूर्ण झाला असे मला वाटले आणि मी तो चपलांच्या खोक्यात कापूस घालून मिस्त्रींना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात न घेता खोके फिरवून चारही बाजूंनी पाहिला. अक्षरांवर काही बोलले नाहीत, मोरपंखी पट्टीवरही नाहीत. मग मान वाकवून मागच्या चाकाकडे बघत म्हणाले, "ताई, ही गाडी रिकामी आहे का भरलेली?"

मी म्हटले, रिकामी. हौदा रिकामाच तर आहे.

"मग पाटे का बसलेत?"

रिकाम्या ट्रकचे मागचे पाटे कमानीसारखे असतात आणि मागची बाजू चढलेली दिसते. माल भरला की कमान सरळ होते आणि हौदा चाकांवर उतरतो. माझे पाटे, अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यांचे, एकेक वाकवून रचलेले, अगदी सपाट होते. मी त्यांना फोटो दाखवला. मागच्या अर्ध्या चाकाच्या वर हौद्याचा तळ किती खाली आहे तो मोजूनच मी पाट्यांचा बाक ठरवला होता. मिस्त्रींनी फोटो दूर धरून पाहिला. घरसामानाने एवढे पाटे बसत नाहीत, म्हणाले. कपाट, खाटा, गाद्या, सगळे मिळून टन-दीड टन. एक तर फोटोतला ट्रक म्हातारा असून त्याचे पाटेच गेले असतील, नाही तर माझ्या मोजण्यात चूक असेल. दुसरे कारण त्यांना अधिक पटत होते, हे स्पष्ट दिसत होते.

घरी येऊन मी पाटे काढायचे ठरवले. ते मागच्या धुरीला, म्हणजे चाकांच्या आसाला, इतके पक्के चिकटवले आहेत की काढताना धुरी तुटणार हे नक्की होते. ब्लेड हातात घेऊन बसले होते तेव्हा आई चहा घेऊन आली आणि काय मोडते आहेस म्हणून विचारले. मी सगळे सांगितले: घरसामान हलके, पाटे सपाट, फोटो खोटा.

"अगं, पण आपलं सामान पोत्यांवर होतं ना," आई म्हणाली. "अख्खा ट्रक कुणाला परवडत होता तेव्हा? तो ज्वारी घेऊन पुण्याला मार्केट यार्डातच चालला होता. खाली पोती, वर आपलं सामान. त्यावरूनच तर तुझे बाबा भाड्याचं भांडत होते."

बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही, पण नाहीही म्हटले नाही.

तेव्हा पाटे तसेच राहिले आणि हौदा भरायला घेतला आहे. त्या काळचे पोते शंभर किलोचे. सात-साडेसात टन धरले तर पंचाहत्तरच्या आसपास पोती, म्हणजे वीस-वीसचे जवळजवळ चार थर. खालचे दोन थर फाळक्याच्या आड जातात, तिथे सनबोर्डचे खोके बसवले आहे. वरच्या थरातली वीस आणि त्याखालच्या थरातली कडेची चौदा अशी चौतीस पोती मात्र खरीखुरी करावी लागतील. एम-सीलचा गोळा लाटून चार सेंटिमीटरचे पोते वळायचे, ओले असतानाच त्यावर मलमल दाबून गोणपाटाची वीण उठवायची, दोन कोपऱ्यांना चिमटा काढून कान करायचे आणि शेजारच्या पोत्यावर ठेवून बोटाने किंचित दाबायचे, म्हणजे ते त्याच्यावर वजनाने बसल्यासारखे दिसते. टायरांचे तळही आता पाणीपेपरवर घासून थोडे चपटे करावे लागतील, मागचे अधिक.

आजपर्यंत अकरा पोती झाली आहेत. वरचे सामान आई सांगते आहे तसे वहीत लिहून घेते आहे: लोखंडी खाटा दोन, गाद्यांची वळकटी, शिलाई मशीन, पितळी पिंप, तुळशीचे वृंदावन पोत्यात गुंडाळलेले. कपाट सर्वांत शेवटी चढवले होते, म्हणून ते मागच्या फाळक्याला लागून, आरसा आतल्या बाजूला.